रोज अर्धा इंच

सरळसोट भिंत. खाली कोनाडा नाही, टेकायला खुंटी नाही. अशा भिंतीवर, वळचणीच्या आडोशाला, एक एवढासा पक्षी चिखलाचं घरटं बांधतो आहे. नखांनी भिंतीला धरून, शेपटी भिंतीवर घट्ट दाबून तिचा तो टेकू करतो आणि चोचीतला चिखल विटेवर लिंपतो. चिखल चिवट व्हावा म्हणून त्यात काड्यांचे तुकडे कालवलेले आहेत. बांधकाम फक्त सकाळी. उरलेला दिवस खाण्यात आणि बागडण्यात जातो, कारण ओल्या थरावर ओला थर चढवला तर सगळं स्वतःच्या भाराने खाली येईल. एका दिवसात साधारण अर्धा इंच घरटं वर चढतं. दहा-बारा दिवसांत अर्धगोल घर तयार होतं आणि वरच्या बाजूला ये-जा करायला लहानसं भोक उरतं. हे सगळं टिपणारा माणूस पुढे लिहितो की मातीच्या भिंती घालणारे शहाणे कारागीरही असाच एक थर घालून थांबतात. त्यांना ही अक्कल पहिल्यांदा बहुधा या पक्ष्यानेच दिली असावी.

२० नोव्हेंबर १७७३ या तारखेच्या एका पत्रातला हा मजकूर आहे. पक्षी हाऊस मार्टिन, आपल्याकडच्या भिंगरीच्या कुळातला. पत्रलेखक गिल्बर्ट व्हाइट, इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातल्या सेलबर्न नावाच्या खेड्यातला एक पाद्री. त्याच्या अशा पत्रांचं पुस्तक ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबर्न’ त्याच्याच भावाने, बेंजामिन व्हाइटने, लंडनमध्ये छापलं. ते १७८८ च्या अखेरीस बाहेर आलं, पण मुखपृष्ठावर साल पडलं १७८९. त्या वेळी लेखकाचं वय होतं अडुसष्ट. तेव्हापासून आजवर हे पुस्तक वाचलं जात आहे, छापलं जात आहे. एकच विषय धरून, त्याला वर्षानुवर्षं चिकटून राहून लिहावं कसं, असं मला कोणी विचारलं तर मी त्याच्या हातात हे पुस्तक देतो आणि म्हणतो, आधी घरट्याचं पत्र वाच. ते पक्ष्याचं वर्णन आहे हे खरंच. पण पुस्तक पुरं झाल्यावर कळतं की व्हाइटच्या लिहिण्याची रीतही तीच आहे. सकाळचा अर्धा इंच, मग वाळू देणं, मग दुसऱ्या दिवशी पुढचा थर.

व्हाइटचा विषय केवढा? एक गाव. गावामागे ‘हँगर’ नावाची उभ्या उताराची टेकडी, तिच्यावर बीच वृक्षांची राई, एक ओढा, काही तळी, एक चर्च आणि गवताने शाकारलेली घरं. १७८३ च्या ऑक्टोबरमध्ये झालेली गावाची मोजदाद पुस्तकात दिली आहे: कुटुंबं १३६, माणसं ६७६. हा माणूस याच गावात १७२० साली जन्मला, ऑक्सफर्डला शिकून परत आला आणि १७९३ साली इथेच गेला. चर्चमधली त्याची जागाही मोठी नव्हती. गावाच्या मुख्य धर्मगुरूचं पद त्याला कधीच मिळालं नाही, मदतनीस म्हणूनच त्याने सेवा केली. लग्न केलं नाही. फार प्रवास केला नाही. ज्या काळात जहाजं दक्षिण समुद्रात नवी बेटं शोधत होती आणि तिथून पेट्या भरभरून मेलेले पक्षी नि वाळवलेली झाडं युरोपात येत होती, त्या काळात हा माणूस आपल्या परसातल्या गांडुळांकडे बघत होता.

ही निवड त्याने जाणूनबुजून केली होती. १७७० च्या एका पत्रात तो म्हणतो की जे एकाच प्रदेशाचा अभ्यास हाती घेतात, त्यांच्याकडून निसर्गज्ञानात अधिक भर पडते. ज्यांना सगळंच कवेत घ्यायचं असतं त्यांच्याकडून कमी. प्रत्येक मुलखाला आपापला असा एकव्रती अभ्यासक हवा. दुसऱ्या एका पत्रात त्याने याचं कारणही दिलं आहे. निसर्ग सगळीकडेच इतका भरलेला आहे की ज्या टापूकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं तोच टापू सर्वांत समृद्ध ठरतो. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. आपण उलट समजून चालतो: विषय श्रीमंत असेल तर लिहिणं श्रीमंत होईल. व्हाइट दाखवतो की श्रीमंती पाहण्याने येते. सेलबर्न हे इंग्लंडमधलं सर्वांत विलक्षण खेडं नव्हतं. त्याच्याकडे सर्वांत जास्त वेळ पाहिलं गेलं, म्हणून ते विलक्षण झालं.

आता पुस्तकाचा घाट पाहू. निसर्गाच्या भागात एकूण ११० पत्रं आहेत. ४४ थॉमस पेनंटला आणि ६६ डेन्स बॅरिंग्टनला. पेनंट हा वेल्सचा प्राणिशास्त्रज्ञ, ब्रिटनच्या प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिणारा, माहितीचा भुकेला. बॅरिंग्टन न्यायाधीश होता आणि त्याला नाना विषयांचा नाद. लहानगा मोझार्ट लंडनला आला तेव्हा त्याची परीक्षा घेऊन रॉयल सोसायटीला अहवाल देणारा हाच. अशा दोन जाणत्या माणसांना व्हाइट लिहितो आणि त्यामुळे त्याच्या गद्याला एक विशेष सूर लाभतो. समोरच्याला विषय कळतो, म्हणून पाल्हाळ नाही. समोरचा या गावात राहत नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट नीट दाखवावी लागते. समोरचा आपल्याहून प्रसिद्ध आहे, म्हणून विनय आहे. पण त्याने हँगरवरचे पक्षी पाहिलेले नाहीत आणि आपण पाहिले आहेत, म्हणून आत्मविश्वासही आहे. एका विषयावर लिहिणाऱ्याने वाचक कसा कल्पावा, याचं उत्तर या सुरात आहे. अनोळखी गर्दीला उद्देशून लिहिलं की आवाज चढतो. एका जाणत्या मित्राला लिहिलं की तो जागच्या जागी बसतो, आणि मग गर्दीलाही तोच आवाज आवडतो.

या पत्रांमागे एक न दिसणारा पाया आहे. १७५१ पासून व्हाइट बागेची वही ठेवत होता: काय पेरलं, कधी उगवलं, थंडीने काय मेलं. १७६८ पासून बॅरिंग्टनने आखून दिलेल्या छापील रकान्यांची निसर्गवही आली. तापमान, वाऱ्याची दिशा, पाऊस, कोणतं झाड पालवलं, कोणता पक्षी आला, कोणता गेला. ही वही त्याने मरणाच्या महिन्यापर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं लिहिली. बहुतेक नोंदी एका-दोन ओळींच्या. पुस्तकातलं एखादं मोहक पत्र वाचताना वाटतं, किती सहज सुचलं! त्या सहजतेखाली हजारो कोरड्या ओळी आहेत. बॅरिंग्टनने पुस्तक लिहिण्याचं सुचवलं तेव्हा, १७७० मध्ये, व्हाइटने उत्तर दिलं होतं की एकट्या माणसाने फक्त डोळ्यांनी पाहिलेल्यावर विसंबून असं काम करणं सोपं नाही, आणि खात्री करत करत जमवलेलं अनेक वर्षांचं ज्ञान शेवटी अगदी थोड्या जागेत मावतं. पुस्तक छापून यायला तिथून अठरा वर्षं लागली.

खात्री करणं हा या पुस्तकाचा प्राण आहे. याचं सर्वांत सुरेख उदाहरण पर्णवटवट्यांचं. पानांतून भिरभिरणारे, हिरवट-पिवळसर, बोटभर पक्षी. आपल्याकडेही हिवाळ्यात पाहुणे येणारे पर्णवटवट्ये एकमेकांपासून वेगळे काढताना चांगले पक्षीनिरीक्षक जेरीस येतात. व्हाइटच्या काळी असे सगळे पक्षी एकाच नावाखाली ढकलले जात होते. व्हाइटने आधी कान लावला. एक जण दोनच स्वर आलटूनपालटून वाजवतो. दुसऱ्याचं गाणं वरून खाली ओघळत येतं. तिसरा उंच बीच झाडांच्या शेंड्यावर बसून, पंख किंचित थरथरवत, टोळासारखा सळसळता आवाज काढतो. १७६८ च्या उन्हाळ्यात पेनंटला लिहिलेल्या पत्रात त्याने निर्वाळा दिला: हे तीन वेगळे पक्षी आहेत आणि तिघांचे सूर कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. मग त्याने तिघांचे नमुने समोर ठेवून पिसं तपासली, मापं ताडून पाहिली. आज त्यांना चिफचॅफ, विलो वॉर्ब्लर आणि वूड वॉर्ब्लर म्हणतात. मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवरून जाती ठरवणाऱ्या पंडितांच्या काळात एका खेड्यातल्या पाद्र्याने हा फरक झाडाखाली उभं राहून, ऐकून शोधला. त्याचा एक आवडता मुद्दाच होता की प्राण्यांचं रूप वर्णन करणं घरात बसून जमतं. त्यांचं वागणं-बोलणं कळायला बाहेर पडावं लागतं, आणि म्हणूनच ते काम थोडे जण करतात.

आता सुगीच्या उंदराकडे येऊ, कारण लेखक म्हणून व्हाइटचा हात इथे पूर्ण दिसतो. गव्हाच्या शेतात या चिमुकल्या उंदराचं गव्हाच्या पात्यांनी विणलेलं गोल घरटं सापडलं. आकार क्रिकेटच्या चेंडूएवढा. तोंड इतक्या कौशल्याने बंद केलेलं की ते कुठे आहे हेच कळत नव्हतं. टेबलावरून घरंगळत नेलं तरी विसकटलं नाही, आणि आत होती आठ पिल्लं, उघडी, आंधळी. हे सांगून झाल्यावर व्हाइट थांबतो आणि विचारतो: घरटं इतकं गच्च भरलेलं असताना आई प्रत्येक पिल्लापर्यंत पोचून त्याला दूध कशी पाजत असेल? बहुधा वेगवेगळ्या जागी भोकं पाडून, मग ती पुन्हा बुजवून. पण वाढत्या पिल्लांबरोबर ती स्वतः त्या चेंडूत मावणं शक्य नाही. पुढच्या पत्रात वजन येतं. दोन उंदीर तराजूत घातले, ते तांब्याच्या एका अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढे भरले. शेतातून, टेबलावरून, तराजूपर्यंत वाचक या उंदराच्या पाठोपाठ जातो. ‘फार लहान’ हे शब्द कुणीही लिहील. नाणं तराजूत टाकलं की लहानपण तळहातावर येतं.

तसाच शेतातला रातकिडा. त्याला पाहायचं तर बिळातून बाहेर काढलं पाहिजे. फावड्याने खणून पाहिलं. एक तर तो खोल निसटतो, नाही तर चिरडला जातो. मग व्हाइटला युक्ती सापडली. गवताची एक लवचीक काडी हळूच बिळात सरकवायची. ती वळणावळणाने तळापर्यंत जाते आणि किडा आपण होऊन बाहेर येतो, अंगाला ओरखडाही न पडता. आमच्या लहानपणी गावाकडे आम्ही पोरं अंगणातल्या बिळांशी हाच खेळ खेळायचो. आजोबा ओट्यावरून हाक मारायचे, “बाळांनो, काडी हळू घाला रे, त्याचं घर आहे ते.” व्हाइटचं हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हाताला ती काडी आठवली. विषयाशी कसं वागावं, हेही त्या काडीत आहे. फावडं घेऊन गेलं की विषय एक तर पळतो किंवा मरतो.

कुतूहलाला तो कमी-जास्त मानत नाही. घुबडं कोणत्या पट्टीत घुमतात? एका मित्राने तपासून सांगितलं, बी फ्लॅटमध्ये. आपल्या पेटीवर सांगायचं तर काळी पाच. पण एक घुबड ए स्वराच्याही जवळजवळ अर्धा सूर खाली निघालं, तेही व्हाइट नोंदवतो. जमलेल्या निष्कर्षाला बाधा आणणारं एक घुबड लपवत नाही. चर्चमध्ये आणि गावातल्या गरिबांच्या छपरांत मिळून पाकोळ्यांच्या दर वर्षी आठ जोड्या असतात. बरीच वर्षं मोजून झाल्यावर १७७८ मध्ये तो विचारतो, या आठ जोड्यांना दर वर्षी पिल्लं होतात, मग ती वाढ जाते कुठे? प्रश्न साधा दिसतो. पण प्राण्यांची संख्या कशाने बांधलेली राहते, हा पुढच्या शतकांच्या जीवशास्त्राचा एक मोठा प्रश्न झाला. तो व्हाइटला सुचला, कारण तो मोजत आला होता. एकदाच मोजणाऱ्याला आठ हा आकडा दिसतो. वर्षानुवर्षं मोजणाऱ्याला ‘पुन्हा आठच’ हे नवल दिसतं.

एकच विषय घेतला की लेखन कोंदट होईल अशी भीती अनेकांना वाटते. व्हाइटचं १७७५ च्या नोव्हेंबरमधलं पत्र या भीतीवर चांगला उतारा आहे. त्यात तो लव्हाळ्यांच्या वातींविषयी लिहितो. गरीब घरातल्या बायका-मुलं ओढ्याकाठचं लव्हाळं कापतात, पाण्यात ठेवतात, सोलतात, उन्हात वाळवतात आणि चरबीत बुडवून त्याच्या वाती करतात. व्हाइटने एक चांगली वात घड्याळ लावून जाळली. ती ५७ मिनिटं टिकली. मग हिशेब मांडला: एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पाव पेनीत, गरीब कुटुंबाला साडेपाच तास चांगला उजेड मिळतो. तरीही ज्यांना परवडत नाही तेच लोक दुकानातली मेणबत्ती विकत घेतात, याची हळहळ त्या पत्रात आहे. लव्हाळं ही वनस्पती, म्हणून ते निसर्गाच्या इतिहासात आलं. त्याच्या पाठोपाठ चूल आली, बाई आली, पैसा आला, अंधार आला. विषयाची एक मुळी धरून खाली गेलं की ती दुसऱ्या कितीतरी मुळ्यांना जाऊन भिडते.

१७८३ चा उन्हाळाही तसाच या गावात येतो. २३ जून ते २० जुलै, व्हाइटने दोन्ही तारखा दिल्या आहेत, आकाशात एक विचित्र धुरकट झाकोळ होता. भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा फिका, जमिनीवर आणि घरातल्या फरशीवर पडणारं ऊन गंजाच्या रंगाचं, उगवती-मावळतीला रक्तासारखं. उकाडा एवढा की कापलेलं मांस दुसऱ्या दिवशी खाववत नव्हतं. गावकरी सूर्याकडे भयाने बघत होते. सिसिली आणि कॅलाब्रियाचे भूकंप आणि नॉर्वेजवळ समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी यांचा तो उल्लेख करतो. खरं कारण आज आपल्याला माहीत आहे: ८ जूनला आइसलंडमध्ये लाकीचा प्रचंड ज्वालामुखी उद्रेक सुरू झाला होता. व्हाइटला कारण सापडलं नाही, पण त्याने तारखा, रंग आणि उष्मा जसेच्या तसे लिहून ठेवले. त्या उद्रेकाचा अभ्यास करणाऱ्यांना सेलबर्नची ही नोंद आजही उपयोगी पडते. कारण कळत नसताना नीट नोंद करणं ही मला या माणसाची सर्वांत मोठी सचोटी वाटते.

पण रसग्रहण करताना डाग झाकायचे नसतात. व्हाइटची एक कल्पना आयुष्यभर सुटली नाही. भिंगऱ्या हिवाळ्यात कुठे जातात? त्याचा भाऊ जॉन जिब्राल्टरला धर्मगुरू होता. समुद्रधुनी ओलांडून जाणाऱ्या पक्ष्यांचा पुरावा त्याने घरपोच पाठवला होता. व्हाइटने तो मानला. तरीही काही भिंगऱ्या गावातच कुठे तरी बिळांत, कपारींत झोपून हिवाळा काढत असतील, ही शंका त्याला छळत राहिली. शरद ऋतूच्या अखेरीस अचानक दिसलेला एखादा उशिराचा थवा ती शंका पुन्हा जागी करायचा. झोपलेली भिंगरी त्याला कधीच सापडली नाही. तो चुकला होता. पण चुकतानाही त्याने न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं नाही. दुसरी गोष्ट पत्रांची. पुस्तकातली सुरुवातीची नऊ पत्रं कधी टपालात पडलीच नाहीत. गावाची ओळख करून देण्यासाठी ती मागाहून लिहिली गेली, आणि इतरही पत्रांवर छपाईपूर्वी बराच हात फिरला. त्यामुळे काही वाचक हिरमुसतात. मला मात्र यात लेखकाची जबाबदारी दिसते. टिपण ताजं असावं, पण वाचकाच्या हाती द्यायचं ते साफ करून, क्रम लावून. आणि पुस्तकाचा दुसरा भाग, गावाच्या जुन्या मठाचा इतिहास, आज कंटाळवाणा वाटतो, हे मान्य केलं पाहिजे. तिथे व्हाइट कागदपत्रांवरून लिहितो. डोळ्यांनी पाहिलेलं तिथे नाही, आणि तो फरक ओळीओळीत जाणवतो.

टिमथीला वगळून सेलबर्नचं रसग्रहण पुरं होत नाही. टिमथी म्हणजे व्हाइटच्या आत्याचं कासव. आत्या वारल्यावर १७८० मध्ये व्हाइटने ते ससेक्समधून, हिवाळ्याच्या झोपेतून उकरून, घोडागाडीतून ८० मैल सेलबर्नला आणलं. मग तो त्याला पाहत राहिला. ते कधी जमिनीत शिरतं, कधी बाहेर येतं, पावसाच्या चार थेंबांना किती भितं, कोणती पानं आवडीने खातं. एकदा त्याच्याजवळ उभं राहून कर्ण्यातून मोठ्याने हाका मारून पाहिल्या. टिमथीने दखल घेतली नाही, अशी वहीत नोंद आहे. पुढे, दोघांच्याही मृत्यूनंतर, कळलं की टिमथी मादी होती. तिचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. कासवाविषयीची ही पानं वाचताना लक्षात येतं की व्हाइट प्राण्यांना माणसाचे मुखवटे चढवत नाही. तो त्यांचा शेजारी म्हणून राहतो.

आणि आता गांडूळ. २० मे १७७७ चं पत्र. सृष्टीच्या साखळीत गांडूळ हा क्षुद्र, तिरस्करणीय दुवा वाटतो. पण तो नाहीसा झाला तर मोठं भगदाड पडेल, असं व्हाइट सांगतो. गांडुळं जमिनीला भोकं पाडतात, ती भुसभुशीत करतात, पाऊस आणि मुळं आत जाऊ देतात, पानांचे देठ आणि काड्या खाली ओढून नेतात आणि त्यांनी वर टाकलेली मातीची वेटोळी हे धान्याला आणि गवताला उत्तम खत असतं. गांडुळाला मित्र म्हणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण त्या काळचे बागवान आणि शेतकरी गांडुळांचा द्वेष करायचे. पत्राच्या शेवटी व्हाइट म्हणतो की गांडुळांवर कोणी तरी नीट ग्रंथ लिहिला तर त्यातून मोठं क्षेत्र खुलं होईल. तो ग्रंथ १०४ वर्षांनी, १८८१ मध्ये आला. लेखक चार्ल्स डार्विन. लहानपणी व्हाइटचं पुस्तक वाचून आपल्याला पक्ष्यांच्या सवयी बघण्याची गोडी लागली, हे डार्विनने आत्मचरित्रात लिहिलं आहे, आणि गांडुळांच्या ग्रंथात व्हाइटचा उल्लेखही आहे. विषय निष्ठेने धरलेल्या माणसाचं यश मी असं मोजतो: त्याने किती जागा व्यापली यावरून नाही, त्याने पुढच्यासाठी कोणती जागा मोकळी करून दाखवली यावरून.

आपल्या मातीतही या वृत्तीची माणसं झाली आहेत. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांच्या वसाहतीसमोर रोज तासन्‌तास बसून राहिले. नर एकामागून एक घरटी विणतो, मादी येऊन पसंत करते आणि घरटं पसंत पडलं की नर पुढच्या घरट्याला लागतो, हे त्यांना त्या बैठकीतून कळलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते पुढच्या वर्षी छापून आलं. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आपण ललित म्हणून वाचतो. पण महिना धरून, त्या महिन्याचं झाड, फूल, वारा, उजेड निरखण्याची जी शिस्त त्यात आहे ती व्हाइटच्या कुळातलीच. माझं नेहमी मनात येतं की मराठीत एकेका गावाचा, एकेका तळ्याचा, एकेका देवराईचा असा एकव्रती लेखक हवा. आणि निसर्गाचंच कशाला? गावच्या लोहाराची भट्टी, एखाद्या बाजारपेठेतलं मापांचं आणि तराजूंचं बदलणं, एका तालुक्यातल्या भाकऱ्यांचे प्रकार, एका नदीवरचे उतार. विषय जेवढा अरुंद, तेवढं उतरायला खोल. मात्र त्यासाठी व्हाइटची पथ्यं पाळायला हवीत: स्वतः पाहिलेलं वेगळं ठेवायचं, ऐकलेलं वेगळं ठेवायचं, मोजता येईल ते मोजायचं, चुकीचं घुबडही लिहून ठेवायचं, आणि एका जाणत्या माणसाला पत्र लिहितो आहोत अशा आवाजात लिहायचं.

माझा निवाडा सांगतो. सेलबर्नचं हे पुस्तक थोर आहे ते त्यातल्या शोधांमुळे नव्हे. ते सगळे शोध आता शाळेच्या पुस्तकांत गेले आहेत. ते थोर आहे कारण त्यात एका माणसाचं लक्ष जसंच्या तसं टिकून राहिलं आहे. पानं उलटताना आपण त्याच्याबरोबर झाडाखाली उभे राहतो आणि आपले कानही आपोआप टवकारतात. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आपल्याच खिडकीतून बाहेर बघावंसं वाटतं. विशेष विषयावरच्या लेखनाकडून याहून जास्त काय मागावं?

वाचकहो, तुमच्या मनात असा एखादा विषय बरीच वर्षं घर करून असेल. तो फार लहान आहे, त्यावर कोण वाचणार, असं वाटून तुम्ही थांबला असाल. एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर आजची तारीख घाला, तिच्याखाली आज सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहा आणि वही मिटा. थर वाळू द्या. उद्या पुन्हा अर्धा इंच.